चारच मुलं उरली? मग फरशीवर खडूने वर्तुळं काढा

वाचकाचं पत्र

आदरणीय ताई,

मी बडोद्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. राहायला मांजलपूरला, पण आजोबांचं घर दांडिया बाजारात आहे आणि तिथल्या एका मंडळाचा हॉल रविवारी सकाळी मोकळा असतो. तिथे सातवी ते नववीच्या मुलांसाठी मी कॉम्प्युटर सायन्सची विनामूल्य सत्रं सुरू केली. पहिल्या रविवारी पंचवीसेक मुलं आली. मी मन लावून स्लाइड्स केल्या होत्या: अबॅकस, बॅबेज, कॉम्प्युटरच्या पिढ्या, हार्डवेअर आणि सॉफ्टवेअरमधला फरक. दुसऱ्या रविवारी लॅपटॉप पाचच होते आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा इन्स्टॉल करण्यातच दीड तास गेला. आता चार मुलं येतात. तीन मुली येत होत्या, त्यांतल्या दोघी बंद झाल्या. पालक विचारतात, सर्टिफिकेट मिळेल का, बोर्डाला उपयोग होईल का. एक वडील म्हणाले, आता कोड चॅटजीपीटीच लिहितो, मग शिकायचं कशाला? भाषेचाही घोळ आहे. ही मुलं घरी मराठी बोलतात, पण शाळा कुणाची गुजराती माध्यमाची, कुणाची इंग्रजी. बायको म्हणते, पुरे झालं, एक रविवार तरी घरी बसा. चालू ठेवू का? आणि कंपनीकडे निधी मागू का?

– एक वाचक, बडोदे

उत्तर

सत्रं बंद करू नका. स्लाइड्स मात्र बंद करा.

पत्र वाचताना मला त्या पंचवीस मुलांचं फारसं नवल वाटलं नाही, आणि त्यांतली एकवीस गळाली याचंही नाही. आठवडाभर शाळा, संध्याकाळी ट्यूशन, आणि रविवारी सकाळी पुन्हा कुणीतरी पडद्यापुढे उभं राहून व्हॅक्यूम ट्यूबची पहिली पिढी सांगतंय. अहो, हे त्यांच्या शाळेच्या पुस्तकात आहे, आणि तिथेही त्यांना ते आवडत नाही! पंचवीस आली ती आयांनी पाठवली म्हणून. हे चौघं स्वतःच्या पायांनी येतायत. त्यांच्यासाठी काय करायचं ते बघू.

तुम्ही मुलांना कॉम्प्युटर दाखवताय. कॉम्प्युटर त्यांनी पाहिलेला आहे, खिशात घेऊन फिरतात. जे पाहिलेलं नाही ते म्हणजे त्यामागचा विचार: एखादं काम कमीत कमी पावलांत कसं करायचं, ते दर वेळी बरोबरच येईल हे कशावरून, आणि याहून कमी पावलांत ते होणारच नाही असं छातीठोकपणे कधी म्हणता येतं. यासाठी लॅपटॉप लागत नाही. निदान पहिले चार रविवार तो बॅगेतून बाहेरच काढू नका. न्यूझीलंडच्या कॅंटरबरी विद्यापीठातल्या टिम बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सीएस अनप्लग्ड' या नावाने असे विनाकॉम्प्युटरचे खेळ वर्षानुवर्षं तयार केलेत आणि ते फुकट मिळतात. आपल्याकडे एसीएम इंडिया या कॉम्प्युटरवाल्यांच्या संघटनेच्या 'सीएसपाठशाला' उपक्रमातही शाळेसाठी याच वळणाचं साहित्य आहे. दोन्ही चाळा. पण त्याआधी येत्या रविवारी काय करायचं ते सांगते, कारण तुमच्याकडे नेमकी चारच मुलं आहेत आणि हा खेळ चौघांचाच आहे.

हॉलच्या फरशीवर खडूने एका टोकाला चार चौकोन काढा. त्यांच्या पुढे दोन वर्तुळं शेजारी शेजारी, त्यांच्या पुढे आणखी दोन, आणि त्यांच्याही पुढे मधोमध एक. अशी पाच वर्तुळं झाली. दुसऱ्या टोकाला पुन्हा चार चौकोन, त्यांवर 1 ते 4 आकडे. आता बाण. सुरुवातीच्या डावीकडच्या दोन चौकोनांतून पहिल्या वर्तुळात, उजवीकडच्या दोनांतून दुसऱ्या वर्तुळात. या दोन्ही वर्तुळांतून डावा बाण तिसऱ्या वर्तुळाकडे, उजवा चौथ्याकडे. तिसऱ्यातून डावा बाण थेट शेवटच्या 1 नंबरच्या चौकोनात, उजवा पाचव्या वर्तुळात. चौथ्यातून उजवा बाण थेट 4 नंबरात, डावा पाचव्यात. पाचव्यातून डावा 2 मध्ये, उजवा 3 मध्ये.

प्रत्येकाच्या हातात एक आकडा लिहिलेली चिठ्ठी द्या. नियम एकच: वर्तुळात दोघं भेटले की चिठ्ठ्या दाखवायच्या, लहान आकडेवाल्याने डाव्या बाणाने जायचं, मोठ्याने उजव्या. एकटा पोचला तर जोडीदार येईपर्यंत थांबायचं. बस. चालत चालत चौघं पलीकडे पोचतात तेव्हा आकडे लहान-मोठे ओळीने लागलेले असतात. पहिल्यांदा मुलं नुसती हसतात. जागा बदलून पुन्हा करायला सांगा. मग आकड्यांऐवजी उंचीने, मग जन्मतारखेने, मग आडनावाच्या पहिल्या अक्षराने.

दोन-चार फेऱ्या झाल्या की एखादं पोर विचारतंच, 'हे नेहमी बरोबरच येतं का?' कुणी नाही विचारलं तर तुम्ही मुद्दाम खोड काढा: 'मला वाटतं, योगायोग आहे.' मग बघा कशी चवताळतात. चार मुलं किती प्रकारे उभी राहू शकतात? चार गुणिले तीन गुणिले दोन, म्हणजे 24. चोवीसच्या चोवीस मांडण्या वहीत लिहायला लावा आणि एकेक चालवून बघायला सांगा. यात अर्धा तास सहज जातो आणि तुम्हाला तोंड उघडावं लागत नाही. मधेच कुणाच्या तरी लक्षात येईल की सगळ्या चोवीस तपासायची गरजच नाही: सर्वांत लहान आकडा पहिल्या भेटीत डावीकडे जातो, दुसऱ्या भेटीतही डावीकडेच, म्हणजे तो 1 मध्ये पोचणारच. सर्वांत मोठ्याचंही तसंच. उरलेले दोघं पाचव्या वर्तुळात भेटतात. हे त्या पोराला स्वतःच्या तोंडाने सांगू द्या. तुम्ही घाईने पूर्ण करून दिलंत तर रविवार फुकट गेला समजा.

आता पाचवं वर्तुळ पुसून टाका. 'चार भेटींत जमवून दाखवा. वर्तुळं हवी तशी मांडा.' मुलं धडपडतील, कुणी म्हणेल जमलं, दुसरं लगेच ते मोडून दाखवेल. बराच वेळ झटू द्या, आणि थकली की एकच प्रश्न टाका: एका भेटीचे निकाल किती? दोन. मग चार भेटींचे मिळून? दोनदा दोन, पुन्हा दोनदा, पुन्हा दोनदा: 16. आणि मांडण्या तर 24. खुंट्या सोळा आणि टोप्या चोवीस! कुठल्या तरी एका खुंटीवर दोन टोप्या येणार, म्हणजे दोन वेगळ्या मांडण्यांना एकसारखीच वागणूक मिळणार, आणि त्यांतली एक तरी चुकणार. चार भेटींत हे कुणालाच जमणार नाही, मग त्याच्याकडे कितीही महागडा कॉम्प्युटर असो. आठवीतलं मूल 'अजून कुणी शोधलेलं नाही' आणि 'कधीच सापडणार नाही' यांतला फरक जिथे पहिल्यांदा ओळखतं, तिथे माझ्या मते विषय सुरू होतो. पायथन नंतर कुणीही शिकवेल.

जाता जाता आणखी एक. भेटी पाच असल्या तरी पहिल्या दोन एकाच वेळी होतात, पुढच्या दोन एकाच वेळी, आणि शेवटची एकटी. म्हणजे वेळ तीनच पावलांचा. मोबाइलच्या जाहिरातीत ऑक्टा-कोर (एकाच वेळी काम करणारे आठ कोअर, म्हणजे आठ मेंदूच म्हणा) लिहिलेलं असतं ते कशासाठी, आणि पाचव्या वर्तुळाला थांबावंच लागतं म्हणून आठ कोअर असूनही काम आठपट वेगाने का होत नाही, हे इथे पाच मिनिटांत कळतं. स्लाइडवर नाही कळत.

पुढच्या खेपेला बिस्किटाच्या, साबणाच्या पुड्यांचे रिकामे कागद आणायला सांगा. बारकोडखाली तेरा आकडे असतात. आपल्याकडे बहुतेक 890 ने सुरू होतात. (व्हॉट्सॲपवर फिरतं तसं '890 म्हणजे भारतात बनलेलं' असं काही नाही. त्या कंपनीने नंबर भारतातल्या संस्थेकडून घेतलाय, एवढाच त्याचा अर्थ. माल कुठेही बनलेला असू शकतो.) डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक आकडे जसेच्या तसे धरायचे, दुसरा, चौथा, सहावा हे तिप्पट करायचे, आणि सगळ्यांची बेरीज. ती दहाने भागली गेलीच पाहिजे. शेवटचा आकडा त्यासाठीच जोडलेला असतो. फळ्यावर 8901234567890 लिहा आणि करून दाखवा: बेरीज 130 येते.

इथवर नुसता हिशेब आहे. गंमत पुढे. मुलांना म्हणा, यातला एक आकडा गुपचूप बदला, मी पकडतो. दर वेळी पकडाल. मग म्हणा, शेजारचे दोन आकडे एकमेकांच्या जागी टाका. या नंबरात तेही पकडाल. आता उलटा डाव: 'असा नंबर शोधा ज्यात शेजाऱ्यांची अदलाबदल करूनही बेरीज दहाने भागली जाते. मला फसवा.' मोठ्यांना फसवायचं म्हटल्यावर पोरं जी डोकी लावतात, ती परीक्षेत लावत नाहीत. कुणीतरी शोधेलच की 1 आणि 6 शेजारी असले की पद्धत गंडते, 2 आणि 7 चंही तसंच, ज्या दोघांत पाचाचा फरक आहे अशी कुठलीही जोडी. दुकानात रोज वापरली जाणारी पद्धत, आणि तिच्यातलं भोक एका नववीच्या मुलीने दांडिया बाजारात बसून शोधलं! तिथे सांगा की आधारच्या बारा आकड्यांतला शेवटचाही असाच तपासणीचा असतो, पण त्याची रीत निराळी. ती व्हेरहूफ नावाच्या डच गणितज्ञाची, 1969 ची, आणि शेजाऱ्यांची अदलाबदल तिच्यातून एकही सुटत नाही. फक्त 'घरून आधार कार्ड आणा' असं चुकूनही म्हणू नका. मुलांच्या घरची कागदपत्रं हॉलमध्ये कशाला?

भाषेचं फार मनावर घेऊ नका. मराठीत बोला, जिथे चेहरे कोरे दिसतील तिथे गुजरातीत सांगा, आकडे इंग्रजीत म्हणा. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला 'एकोणसत्तर' म्हटलं की ते कोड्यात न अडकता आकड्यातच अडकतं. बाकी ज्या गावात 1890 साली सयाजीरावांच्या आश्रयाने त्रिभुवनदास गज्जरांनी कलाभवन काढलं आणि तंत्राचं शिक्षण गुजरातीतून दिलं, तिथे ही चिंता करायचं कारण नाही. दादासाहेब फाळके त्याच कलाभवनात शिकले. सयाजीराव विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेला बडोदेकर आजही कलाभवनच म्हणतात, आणि तुम्हाला मदतीला दोन हात हवे असतील तर तिथलेच विद्यार्थी गाठा. येतील उत्साहाने. त्यांच्या परीक्षा आल्या की गायब होतील, ते गृहीत धरा.

त्या दोन हातांतली एक मुलगी असली तर उत्तम. दोन मुली का बंद झाल्या हे मला इथे बसून कळणार नाही. तुम्हालाही कळलेलं नाही, कारण तुम्ही विचारलेलं नाही. त्यांच्या घरी फोन करा आणि आईशी बोला. वेळ गैरसोयीची असेल, पोचवायला कुणी नसेल, किंवा लॅपटॉप पाच असताना ते पाचही मुलग्यांनी धरले असतील. ही शेवटची गोष्ट मी इतक्या वर्गांत पाहिली आहे की तुमच्या हॉलमध्येही ती झाली असेल असं धरून चालते. ज्याच्या घरी कॉम्प्युटर आहे तो पुढे घुसतो, मग बाकीचे मागे भिंतीला टेकतात आणि दोन आठवड्यांनी घरी बसतात. खडूच्या वर्तुळात सगळे सारखे. आणि सगळं येणारा एखादा 'कोडिंग क्लास'वाला असेलच, त्याला उत्तरं सांगायला देऊ नका, इतरांच्या उत्तरातली चूक शोधायचं काम द्या. तो गप्प बसतो आणि त्याच्या कामालाही येतं. हॉलमध्ये कायम दोन मोठी माणसं असू द्या, दार उघडं ठेवा, आणि पालकांना विचारल्याशिवाय मुलांचे फोटो कुठेही टाकू नका, मंडळाच्या ग्रुपवरसुद्धा.

लॅपटॉप कधी काढायचा? मुलांनी मागितला की. 'हे मशीनकडून करून घेता येईल का?' असं कुणी विचारेपर्यंत दम धरा. तेव्हाही पायथन नको, आधी स्क्रॅच घ्या, म्हणजे पडद्यावर रंगीत ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायची मुलांची भाषा. एमआयटीत तयार झालेलं, 2007 पासून सर्वांना खुलं, आणि इंटरनेट नसलं तरी चालतं, म्हणजे शनिवारी रात्री घरी पाचही लॅपटॉपवर टाकून ठेवता येईल. एका लॅपटॉपवर दोघं: कीबोर्ड एकाकडे, आणि काय करायचं ते सांगायचं काम दुसऱ्याकडे. दर दहा मिनिटांनी अदलाबदल. सांगणाऱ्याने माउसला हात लावायचा नाही, हा नियम कडक पाळा. पहिलं काम म्हणून 1 ते 100 मधला आकडा ओळखायचा खेळ करायला द्या. दर वेळी मधला आकडा विचारला तर सात प्रश्नांत हमखास सापडतो, 1 ते 1000 असेल तरी दहांत. हे त्यांनी आधी तोंडी खेळलेलं असावं. नववीची मुलं इथून दोन-तीन महिन्यांत आपणहून पायथनवर येतात, आणि त्यात टर्टल नावाची चित्रं काढायची सोय आहे, तेव्हा पहिल्याच दिवशी पडद्यावर चित्र काढता येतं.

पालकांचं. सर्टिफिकेट देऊ नका. एकदा कागद दिलात की सत्राचा अर्थ तो कागद होतो आणि कागद मिळाला की मूल यायचं थांबतं. त्याऐवजी दीड-दोन महिन्यांनी पालकांना बोलवा आणि त्यांनाच वर्तुळांत उभं करा. नियम सांगायला मुलं. एखाद्या काकांनी चुकीचा बाण धरला की पोरं काय ओरडतात ते ऐकल्यावर उपयोग विचारणारे निम्मे गप्प होतील. उरलेल्यांना सांगा की 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग आणायचं म्हटलंय, आणि ज्यांना परीक्षेशिवाय चैनच पडत नाही त्यांच्यासाठी बेब्रास ही स्पर्धा आहे. लिथुआनियात 2004 मध्ये सुरू झाली, भारतातही होते, प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही, सगळे प्रश्न अशाच कोड्यांचे. आणि त्या चॅटजीपीटीवाल्या वडिलांशी वाद घालू नका. त्यांच्या मुलाला सांगा की चॅटजीपीटीला चार भेटींची मांडणी मागून आण. आणेलही बहुधा काहीतरी, चांगली ठासून लिहिलेली. मग ती 24 मांडण्यांवर तपासायची. आपल्याला आधीच माहीत आहे की ती कुठेतरी मोडणार. कुठे मोडते ते मुलाने वडिलांना दाखवावं.

बायको बरोबर सांगते आहे. दर रविवार नको. महिन्यातून दोन पुरेत, साडेनऊ ते अकरा. तेवढ्यात तुमचाही नाश्ता शेव-उसळीच्या वेळेवर होईल. नवरात्रात घेऊ नका, मध्यरात्रीपर्यंत गरबा खेळून आलेलं पोर सकाळी उठत नाही आणि उठवूही नये. उत्तरायणाच्या आसपासचे रविवार सोडा, मुलं पतंग घेऊन गच्चीवर असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा. दिवाळीचं आणि उन्हाळ्याचं वेकेशन मात्र धरून ठेवा, तेव्हा गावाहून आलेली मामे-आते भावंडंही येतात.

निधी आत्ता मागू नका. कंपनी पैसे देईल, मग बॅनर देईल, मग फोटोसाठी 'निदान पन्नास मुलं तरी हवीत' म्हणेल, आणि तुम्ही पुन्हा स्लाइड्सवर जाल. तुमचा खर्च खडूची पेटी, जाड कागदाच्या चिठ्ठ्या आणि मधल्या सुट्टीतला चिवडा एवढाच आहे. पुढे कंपनी जुने लॅपटॉप काढायला लागली की ते मागा, तेही डेटा पुसून. आणि हॉलच्या चावीवाल्यांना आधीच विचारून ठेवा की फरशीवर खडू चालेल ना. नाहीतर वर्तुळांसाठी सुतळी घ्या.